विषयाचा टॅग तसाच राहिला

मंडळी, ठाण्याच्या ऑफिसातून डोंबिवलीला घरी आलो आणि तुम्हाला लिहायला आधी मोडेम लावला.

आम्ही परदेशी जर्नलांच्या लेखांना एक्सएमएल टॅग लावतो, म्हणजे शीर्षक, लेखक, विषय सांगणाऱ्या खुणा; विषयाच्या टॅगवरूनच लेख शोधणाऱ्याला सापडतो. आधीच्या लेखाची फाइल कॉपी करून मजकूर बदलायचा, ही सगळ्यांचीच सवय. आज शेजारच्या टेबलावरची नीलिमा म्हणाली, "अरे, लहान मुलांच्या औषधाचा लेख गुरांच्या आजारांत कसा?"

विषयाचा टॅग आधीच्या लेखाचाच राहिलेला. तपासणीच्या प्रोग्रॅमला त्यात काहीच चूक दिसली नव्हती; टॅग नीट लिहिलाय का एवढंच तो बघतो, लेखाशी जुळतो का ते नाही.

हा लेख थांबवला. पण आधी असेच कॉपी करून पाठवलेल्या लेखांचं काय? जो लेख डॉक्टरला सापडलाच नाही, त्याची तक्रार तो करणार कशी?

तुमच्याकडे अशी तक्रार कधी आलीय? आमच्याकडे एकही नाही. त्याचीच भीती वाटतेय.