लिथियम आणि अळणी चातुर्मास

आमच्या अण्णांचं, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचं, लिथियमशी कधीच जमलं नाही. आयुष्यभर त्यांनी पी.यू. कॉलेजात, अकरावी-बारावीला, रसायनशास्त्र शिकवलं आणि निवृत्त झाल्यावरही नवनगरच्या घराच्या व्हरांड्यात फळा टांगून ते तेच शिकवतात. सोडियमचा तुकडा पाण्यावर टाकला की त्याची गोळी होऊन ती सैरावैरा धावते, पोटॅशियम तर जांभळी ज्योत काढून पेटतो, आणि लिथियम मात्र एका जागी फसफसत बसतो, हे सांगताना त्यांचा चेहरा असा होतो की लिथियमने त्यांचं वैयक्तिक काही बिघडवलं आहे. पूर्वी ते कॉलेजात हे करून दाखवत. आता मोबाइलवर व्हिडिओ दाखवतात आणि व्हिडिओतला स्फोट आपणच केला अशा थाटात मागे सरकतात.

लिथियमच्या तऱ्हाही त्यांना पाठ आहेत. बाकीचे भाऊ रॉकेलमध्ये निमूट बुडून राहतात, हा इतका हलका की रॉकेलवरही तरंगतो, म्हणून त्याला व्हॅसलीन फासून ठेवावं लागतं. हवेतल्या नायट्रोजनला बाकीचे विचारत नाहीत, याला तोही चालतो. याचं कार्बोनेट तापवलं की फुटतं, सोडियमचं फुटत नाही. गुणांनी हा आपल्या रांगेपेक्षा शेजारच्या रांगेतल्या मॅग्नेशियमवर गेलेला. इथे अण्णा ठरलेला विनोद करतात: "सख्ख्यांशी पटत नाही, शेजाऱ्यांशी गूळपीठ." आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे, म्हणजे माझ्याकडे बघतात. मुलं हसतात. मीही पूर्वी हसायची.

माझ्याकडे बघतात ते अशासाठी, की त्याच लिथियमचं कार्बोनेट मी रोज गिळते. माझ्या दुखण्याला डॉक्टरांकडे भारदस्त नाव आहे. घरात त्याला 'तिचं ते' म्हणतात. 'तिचं ते' जोरात असताना मी एकदा वहिनींचं फडताळ रिकामं करून सगळी स्टीलची भांडी बागेत बसलेल्या लोकांना वाटून आले होते, आणि ओसरल्यावर कित्येक आठवडे भिंतीकडे तोंड करून पडले होते. गोळी सुरू झाल्यापासून यातलं काही नाही. धारवाडला एका वकिलांकडे मी जुन्या मराठी कागदपत्रांची कन्नड भाषांतरं करते, बसने जाते, बसने येते, आणि सुभाष रोडवरून भाजी आणते. माणसाला याहून जास्त काय हवं असतं, मला ठाऊक नाही.

गोळी सुरू झाली त्या दिवशी डॉक्टरांच्या खोलीत अण्णा गेले. मला बाहेर बाकावर बसवलं. दुखणं माझं, पण डॉक्टरांशी बोलायचं अण्णांनी, ही आमच्या घरची रीत. ते बाहेर आले ते प्रसन्न चेहऱ्याने. लिथियमचं मॅग्नेशियमशी असलेलं साम्य डॉक्टरांना नीट आठवत नव्हतं आणि अण्णांनी ते समजावून दिलं होतं. मी विचारलं, "पण डॉक्टर काय म्हणाले?"

"वेळेवर घे म्हणाले. आणि मधूनमधून रक्त तपासायचं."

पुढची सगळी वर्षं मी वेळेवर घेतली. रक्तही तपासलं जाई. गेल्या वर्षी मात्र अण्णांनी ती तपासणी पुढे ढकलली, कारण सगळं छान चाललं होतं.

त्याच आषाढात वहिनींनी चातुर्मासाचा नेम धरला: मीठ सोडायचं. कशासाठी, तर वन्सं अशाच बऱ्या राहाव्यात म्हणून. दोन-दोन आमट्या कोण करणार, म्हणून सगळं घरच अळणी झालं. वहिनींचं मन चळू नये म्हणून लोणच्याची बरणी माळ्यावर गेली, पापडाचा डबा शेजारी गेला. अण्णांना रक्तदाबाचं दुखणं, त्यांनी तर पाठ थोपटली. "सोडियम कमी झालेलं कधीही चांगलं," ते म्हणाले. सोडियमबद्दल त्यांच्या तोंडून निघालेला तो एकमेव वाईट शब्द असेल.

मी एकदा ताटात चिमूटभर मीठ मागितलं. वहिनींचे डोळे भरून आले. "तुमच्यासाठीच करतेय ना, वन्सं?" झालं, संपलं. दुसऱ्याने आपल्यासाठी केलेल्या व्रतापुढे माणसाला तोंड उघडता येत नाही, आणि व्रत करणाऱ्यांना ते पक्कं माहीत असतं. मी अळणी वरणभात गिळत राहिले. वकिलांकडे मी डबा न्यायची, तोही तसाच.

श्रावण संपायच्या आत माझे हात कापायला लागले. आधी पेन थरथरायचं, मग चहाचा कप. पोट बिघडलं. घसा सारखा कोरडा. एका दुपारी भाषांतर वाचून दाखवताना शब्द जिभेवर घसरायला लागले, तेव्हा वकिलांनी रिक्षा मागवून मला घरी पाठवलं. रिक्षातून उतरताना पाय दुसऱ्याच कुणाचे वाटत होते.

घरात निदान व्हायला वेळ लागला नाही. 'तिचं ते' परत आलं. अण्णांनी ठरवलं की मी गोळ्या चुकवते आहे, आणि दोन्ही वेळा माझ्यासमोर उभे राहून, घोट गिळेपर्यंत ते पहारा द्यायला लागले. तेवढ्यावर भागेना म्हणून वहिनींनी शनिवारचा कडक उपास वाढवला, आपल्याला आणि मलाही. कमरीपेठेतली मावसबहीण येऊन माझ्या देखतच म्हणाली, "पुन्हा का गं हिचं?" मी खुर्चीत होते. एखादं कपाट बसवलंय तसं सगळे माझ्याबद्दल माझ्यासमोर बोलत होते.

मला मात्र हे 'ते' नाही, हे कळत होतं. 'ते' मी आतून ओळखते. ते येतं तेव्हा डोक्यात येतं. हे अंगात होतं, स्नायूंत, आतड्यांत. मी अण्णांना म्हटलं, जीभ जड होती तरी नीट म्हटलं, "अण्णा, मला कशाचं तरी विष होतंय."

अण्णांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी मावसबहिणीकडे पाहिलं. वेड लागलेल्या माणसाला घरचे आपल्याला विष घालतात असं वाटतं, हे त्या तिघांनाही माहीत होतं. त्या क्षणी मी इतकी घाबरले की आजवर कशालाच तशी घाबरलेली नाही. खरं बोलले तर वेडी ठरते, आणि गप्प बसले तर मरते. अण्णांनी मायेने माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि संध्याकाळची गोळी पुढे केली. मी ती घेतली. न घेतली असती तर तेही लक्षणांतच धरलं असतं.

दुसऱ्या दिवशी मला इस्पितळात नेलं ते डोस वाढवून घ्यायला. मी उभी राहू शकत नव्हते, म्हणून या वेळी बाकावर न ठेवता आत न्यावं लागलं. डॉक्टरीणबाई नवी होती. तिने माझे हात पुढे करायला सांगितले, ते बघितले, आणि वहिनींना विचारलं, "उप्प सरियागी तिंतारेन्री?" मीठ नीट खातात ना?

"इल्लरी, उप्प बिट्टेवरी," वहिनी अभिमानाने म्हणाल्या. मीठ सोडलंय आम्ही, सगळ्या घरानेच, हिच्यासाठी.

बाईने पेन खाली ठेवलं. मग फार भराभर सगळं झालं. रक्त घेतलं, गोळी बंद झाली, हाताला सलाइन लागलं. सलाइन म्हणजे मिठाचं पाणी, ते बाटलीबाटलीने मला पाजण्यात आलं. बाईने अण्णांना समजावलं की शरीरात सोडियम कमी पडलं की मूत्रपिंड ते धरून ठेवायला बघतं, आणि त्या धरपकडीत लिथियमही धरून ठेवतं. मूत्रपिंडाला दोघांतला फरक कळत नाही. "लिथियम चालू करताना मीठ तोडू नका हे सांगतोच आम्ही," ती म्हणाली.

"जनरल बोलणं झालं होतं," अण्णा म्हणाले. लिथियम बाकीच्यांसारखा नाही हे उभी हयात फळ्यावर लिहिलेला माणूस खिशात रुमाल शोधत होता.

वहिनी खरंच रडल्या. माझे पाय धरून रडल्या, आणि त्यांचं प्रेम खोटं नव्हतं, याचाच मला जास्त राग आला. खोटं असतं तर मी त्या अळणी जेवणावरून केव्हाच उठले असते.

मी बरी झाले. गोळी पुन्हा सुरू झाली, बेताची, आणि आमटीत मीठ आलं. घरी बघायला येणाऱ्यांना अण्णा सांगतात की वेळेवर नेलं म्हणून वाचली, आणि वहिनींच्या व्रताचं पुण्य कामी आलं. विष माझ्या रक्तात होतं हे तपासणीच्या कागदावर छापून आलं, पण मी ते आधी सांगितलं होतं हे कुणालाच आठवत नाही.

परवा सकाळी अण्णा आणि वहिनी व्हरांड्यात चहा पीत होते. मी आतून म्हटलं, गॅसचा वास येतोय. अण्णांचा अगदी मऊ आवाज आला, "गोळी घेतलीस का गं?"

मी सिलिंडर बंद केला, खिडक्या उघडल्या, आणि व्हरांड्यात जाऊन त्या दोघांसमोर गोळी घेतली.