उतरणीच्या अंगानं

गाडी चालवायला मी अठ्ठेचाळिसाव्या वर्षी शिकले. नवरा म्हणाला, वय काय, चाललंय काय. मी म्हटलं, पंचवीस वर्षं तुमच्या स्कूटरवर मागे बसून माझ्या कंबरेचा खुळखुळा झालाय, आता तुम्ही बसा घरी. जुनीच पण छोटी गाडी घेतली, बीडच्या आमच्या गल्लीत तिचा एक आरसा कामी आला, आणि दिवाळीच्या सुट्टीत पहिल्या लांबच्या फेरीला निघाले. शेजारच्या सीटवर आबा, म्हणजे माझे वडील.

फेरी कुठली, तर आबा ज्या वाटेनं चाळीसेक वर्षं मेंढरं घेऊन चालले, तिची. आम्ही धनगर. आमचं गाव लिंबागणेशच्या पलीकडं, डोंगरात. दिवाळी झाली की मेंढरं घाट उतरायची आणि पालीवरून गंगथडीला, म्हणजे गोदावरीच्या काठाला जायची, पार तलवाड्यापर्यंत. तिकडच्या काळ्या रानात शेतकरी खतासाठी मेंढरं बसवून घ्यायचे. पावसाच्या तोंडावर सगळे परत डोंगरात. अशाच एका वर्षी, घाट उतरताना, लिंबागणेश आणि पालीच्या मधे कुठंतरी मी जन्मले. शाळेच्या दाखल्यावर माझा जन्म जूनमधला आहे, तो मास्तरांनी ठोकून दिलेला. आमच्या पिढीतलं अर्धं गाव जूनमधेच जन्मलंय.

जागा नेमकी कुठली, हे मी आईला शंभर वेळा विचारलं असेल. ती म्हणायची, मी कळा देत होते, जागा बघत नव्हते, त्यांस्नी इचार. आबांना विचारलं की म्हणायचे, दावीन की एक दिवस. तो एक दिवस काही उगवला नाही. आई जाऊन चार वर्षं झाली, आबा माझ्याकडे राहायला आले, आणि गेल्या वर्षापासून त्यांचं विसरणं सुरू झालं. चहा पितात, कप खाली ठेवतात आणि विचारतात, चहा टाकला का गं. दसऱ्याच्या सुमाराला त्यांनी मला आत्याच्या नावानं हाक मारली. मी हसून ओ दिली खरी, पण दिवसभर वर्गात शिकवताना माझं लक्ष नव्हतं. ही एवढी एक गोष्ट त्यांच्या डोक्यातून गेली, तर जगात ती कुणालाच माहीत नसणार होती. म्हणून ही घाई.

आणखी एक कारण होतं, आणि ते काही फार चांगलं नाही. मला आबांचा राग होता, जुना, मुरलेला. सहाव्या वर्षी त्यांनी मला शाळेसाठी आत्याकडे ठेवलं आणि आपण मेंढरांमागे गेले. मग दिसायचे ते पावसाळ्यात. माझ्या लग्नात अक्षता पडल्या, पंगत बसली, आणि आभाळ भरून आलं म्हणून आबा मांडवातून उठून मेंढरांकडे गेले. पाठवणीला चुलता उभा राहिला. मेंढरू एकटं सोडायचं नसतं, हे मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकलंय की त्या वाक्याचीच मला चीड आहे. मग वाटायचं, निदान मी जन्मले तेव्हा तरी हा माणूस माझ्याजवळ होता. ती जागा एकदा डोळ्यांनी बघावी, तिथं उभं राहावं, बास.

निघतानाच पट्ट्यावरून वाजलं. आबा फेटा बांधून, काठी गुडघ्यांत धरून ऐटीत बसले होते, आणि मी त्यांना पट्टा लावायला गेले तर म्हणाले, "मला कावून बांधती गं?" मी कायदा सांगितला. त्यांनी कोकरूसुद्धा कधी बांधलं नव्हतं म्हणे. पट्टा लावला नाही की गाडी टुंगटुंग करते, ते त्यांना आवडलं. बिंदुसरेचा पूल ओलांडेपर्यंत त्यांनी ते ऐकून घेतलं आणि मग गाडीवर उपकार केल्यासारखा पट्टा लावून घेतला.

पालीपर्यंत मी उत्साहात होते. धरणाचं पाणी चकाकत होतं, कडेनं कापूस फुटलेला, सीताफळांच्या पाट्या घेऊन बाया रस्त्यावर बसलेल्या. मी विचारलं, आबा, इथून कुठं? आबांनी डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं, आणि धाब्याची पाटी मोठ्यानं वाचली. पुढं घाट लागला. चौपदरी रस्त्यासाठी डोंगर कापून काढलाय, मागून ट्रक हॉर्न मारत होते, आणि मी प्रत्येक वळणावर गाडी हळू करून विचारत होते, हे का? ते का? ही वड असलेली जागा का? आबा म्हणायचे, न्हाई बा. नवख्या पाहुण्यासारखे सगळं कौतुकानं बघत होते, ओळखत काहीच नव्हते. उशीर केलास बाई, मी स्वतःला म्हटलं.

घाट चढून वर आलो तर एक कळप आडवा आला. गाडी पुरती थांबायच्या आत आबा पट्टा सोडून खाली. एका मेंढीच्या पोटावरून हात फिरवला, दुसरीचा ओठ वर करून दात बघितले, आणि त्या मेंढपाळाला सांगितलं की ही आठ दिवसांत विणार, हिला फार चालवू नको. तोही लगेच ऐकायला लागला. अर्धा तास दोघं रस्त्याच्या कडेला उभे राहून चाऱ्यापाण्याचं बोलत होते आणि मी गाडीत बसून हॉर्न वाजवत होते. त्या कळपातल्या प्रत्येक मेंढीची आई कोण असेल तेही आबांनी बहुतेक सांगितलं असतं. माझं टाळकं तिथंच सटकायला लागलं होतं.

लिंबागणेशला पोचलो, गणपतीचं दर्शन घेतलं, लिंबाच्या सावलीत भाकरी सोडली. आबा मजेत जेवत होते, ठेचा झकास झालाय म्हणाले. आणि मी फुटले. रागावले की माझी शाळेतली भाषा गळून पडते. "मेंढरांची तोंडं समदी याद हायेत तुमाला आबा," मी म्हटलं, "आन् पोटची पोरगी कुठं झाली तेवढंच न्हाई?"

आबांनी हातातला घास खाली ठेवला. मला तेव्हाच वाईट वाटलं, पण माघार घेणं माझ्या स्वभावात नाही, मी भांडी आवरायला लागले. ते काठी टेकत उठले, रस्त्यापर्यंत गेले, आणि आम्ही आलो होतो तिकडं तोंड करून उभे राहिले. मग तिथूनच त्यांनी मला हाक मारली, माझ्या नावानं.

"बाई, म्या ह्या अंगानं हा मुलूख बघितलाच न्हाई कधी," ते म्हणाले. "आमी हितनं उतरायचो. चढायची वाट येगळी, पाटोद्याकडनं. तू मला उलटं आणलंस."

खरंच की. चाळीस वर्षांत हा माणूस पालीकडून लिंबागणेशकडे एकदाही आला नव्हता. मेंढरांच्या मागं चालणाऱ्यानं डोंगर फक्त एका बाजूनं बघितलेला, आणि मी शहाणी, भूगोल शिकवते, त्याला सगळं पाठीमागून दाखवत आणलं. माझी मलाच लाज वाटली आणि हसूही आलं. भांडी डिकीत कोंबली आणि गाडी वळवली.

नंतरच्या तासाभरात माझ्या शेजारी दुसराच माणूस बसला होता. ही नाकाडी टेकडी, हिच्या पायाला झरा, उन्हाळ्यातसुद्धा आटत नव्हता. हितं लांडग्यानं दोन कोकरं नेलती. त्या पवनचक्कीखाली एक म्हातारी होती, ताक पाजायची, पण शिव्या देऊन पाजायची. आबा खिडकीतून अर्धे बाहेर, फेटा सुटलेला, आणि मला सांगतायत, हळू घे, हळू घे, मेंढरू एवढं पळत नसतं. मागचे ट्रकवाले काय म्हणत असतील ते म्हणोत, मी मेंढरांच्या चालीनं गाडी घेतली. मला इतकं बरं वाटत होतं की मी चक्क गाणं म्हणत होते.

घाटाच्या वरच्या अंगाला त्यांनी एका कच्च्या रस्त्यावर गाडी घालायला लावली. खालून दगड लागायचे, मी ओय ओय करत होते, ते नुसते पुढं हात करत होते. रस्ता संपला. तिथून पायी. गुडघ्याच्या दुखण्यानं घरात भिंत धरून चालणारे आबा कुसळातून माझ्या पुढं चालले होते. माळाचा एक उंचवटा आला, खाली एका बाजूला तुरीचं शेत, दुसऱ्या बाजूला दूरवर पालीचं पाणी. आबांनी काठी रोवली.

"हितं."

मी चप्पल काढली. खाली वाकून मातीला हात लावला, कपाळाला लावला. विचारलं, आई कुठं होती, ह्या झुडपापाशी का? तर आबा म्हणाले, तुझी माय हितं कशाला आसंल? बायका घोड्यावर बिऱ्हाड घालून फुडं जायच्या, चुली मांडायच्या. मेंढरं मागनं चरत यायची. ती तिकडं खाली होती, त्या झाडांच्या लायनीत कुठंतरी. नेमकी जागा मला न्हाई ठाव.

म्हणजे तेव्हासुद्धा हा माणूस मेंढरांपाशीच होता. मी मातीचा हात झटकला आणि म्हटलं, मग मला काय दाखवायला आणलंत एवढ्या लांब?

"म्या हितं होतो," आबा म्हणाले. "खालनं एकानं हाळी दिली, मोकळी झाली म्हणून. आन् म्या पळालो."

"आणि मेंढरं?"

"सोडली."

मी विचारलं, कुणाच्या भरवशावर? कुणाच्याच न्हाई, ते म्हणाले. कुत्रंसुद्धा त्यांच्या मागं पळत आलं. सगळ्या आयुष्यात एकदाच मेंढरं सोडली, असं ते सांगत होते, आणि अजूनही थोडे शरमल्यासारखे दिसत होते. मेंढरांनी काय केलं, तर ह्या खालच्या रानात नुकता वर आलेला हरभरा होता, तो बुडापासून साफ केला. शेतकरी कुऱ्हाड घेऊन आला. कळप एकटा बघून त्याला वाटलं, धनगर मेला बहुतेक. मग कळलं की लेक झालीय. त्यानं शिव्या घातल्या, गूळ दिला, आणि दंड म्हणून पाच रात्री मेंढरं आपल्या रानात फुकट बसवून घेतली. तेवढीच तुझ्या मायला इसरांती झाली, आबा म्हणाले. वाड्यातली, म्हणजे तळावरची माणसं मात्र वर्षभर हसत होती, ह्यो पोरीसाठी मेंढरं सोडून पळाला.

हे मला अठ्ठेचाळीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. मी तिथंच कुसळात बसले आणि रडले, चांगली हुंदके देऊन. मला हसूही येत होतं, त्यामुळे आबांना कळेना काय चाललंय. शेवटी त्यांनीच पाण्याची बाटली पुढं केली.

मग मी म्हटलं, आबा, तुम्ही जेवढं पळालात तेवढं चालायचं. ते लगेच तयार. आम्ही उताराला लागलो, तुरीच्या बांधानं, झाडांच्या रांगेकडं. उतार निसरडा होता, मी त्यांचा दंड धरला, ते चार पावलांवर थांबत होते, दम खात होते. मी म्हटलं, सावकाश, आबा, घाई नाही.

त्यांनी खालच्या झाडांकडं बघितलं आणि माझा हात सोडवून घेतला.

"तवा एवढा येळ न्हवता लागला," ते म्हणाले.