भोकरदनचं समोआ

मी गप्पिष्ट माणूस. चहाच्या एका कपात तीन समुद्र पार करून दाखवतो. पण ही गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नाही — आणि तिच्यापासून मला साधी दातदुखी लपवता येत नाही, आता बोला!

तर, समोआ. प्रशांत महासागरातला बेटांचा एक लहानसा देश. भोकरदनात हे नाव मी आणलं. तरुणपणी जहाजावर होतो, समोआत बरीच वर्षं काढली — असं सांगत आलो. तिथले नारळ एवढे की एका करवंटीत सवाऱ्यांसकट रिक्षा बसते. तिथले कथेकरी आगीभोवती भाले नाचवत गोष्ट सांगतात, आणि कुणी जांभई दिली की त्यालाच भाजतात! लोक मांड्या थोपटून हसायचे.

खरं काय? मी गेल्तो मुंबईच्या गोदीपर्यंत. पोती उचलली, कंबर धरली, परत आलो. समोआ हा शब्द एका खलाशाकडून ऐकला होता. बाकी अख्खा देश मी बसस्टँडसमोरच्या टपरीवर बांधला.

एवढंच असतं तर ते थोतांड म्हणून सोडून दिलं असतं. पण... थांबा, सांगतो.

शेजारच्या गायकवाडांची ललिता माझ्या या समोआवरच वाढली. मला मामा म्हणायची. शिक्षिका झाली, आणि काय केलं असेल पोरीनं? मोबाईलवरून तिथली एक खरी आजी गाठली आणि वर्षानुवर्षं तिच्याकडून भाषा शिकली. 'मामा, हे तुमच्यामुळं,' म्हणायची. समोअनमध्ये काही विचारलं की मला नेमका खोकला यायचा.

मग एका रविवारी सकाळी वाचनालयात तिनं तिथली गोष्ट सांगायला घेतली. फांगोंगो म्हणतात तिला. मांडी घालून बसली. फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवलेला; त्यातून आजी ऐकत होती. एक वाक्य समोअन, एक मराठी, मध्येच गाणं. आपण हुंकार देतो ना, तसं तिथं ऐकणारे 'आउए' म्हणतात, तेही तिनं आम्हाला शिकवलं. आग नाही, भाले नाहीत. इतका हळू आवाज — आणि माझ्या अंगावर काटा. हे खरं आहे, हे तिथं माझ्याइतकं कुणाला कळलं असेल?

तेवढ्यात हॉटेलवाला रंगनाथ मागून ओरडला, "ओ तात्या, हे काय करून राह्यली ही? भाले कुठंयत? बराबर हाय का हे?"

सगळे माझ्याकडे वळले. ललिताही वळली. हसत. तिला उत्तर माहीत होतं ना — मामा हो म्हणणार.

"न्हाई," मी म्हणालो. "असलं तिथं काहीच नसतं. मोबाईलवर कुणीबी कायबी शिकवतं. फसवलं पोरीला."

काय हसले लोक! फोनमधल्या आजीला वाटलं, गोष्टीला दाद मिळाली. तीही हसली. आउए, आउए, म्हणाली.

ललिता फोनवर वाकून तिच्याशी काहीतरी बोलली. दोनच वाक्यं.

"काय म्हणली, तात्या?" रंगनाथ.

मला एक अक्षर कळलं नव्हतं. तरी मी बोललो — "म्हणते, चुकलं माझं."

ललितानं ते ऐकलं. एका शब्दात ती मला तिथंच उघडा पाडू शकली असती. नाही पाडलं. घरी यावं आणि दाराचं कुलूप तुटलेलं दिसावं, तसं पाहिलं फक्त. फोन पर्समध्ये टाकला आणि लोकांमधून वाट काढत निघून गेली.

त्यानंतर तिनं गोष्ट सांगितल्याचं कुणी ऐकलं नाही. आजीशी अजून बोलते का, मला माहीत नाही. विचारलं नाही.

यंदा वाचनालयानं समोआच्या गोष्टींसाठी मलाच बोलावलं. मी गेलो. तासभर सांगितल्या.