एकोणसाठ साखळ्या

माझी वहिनी चिडली की बोलत नाही, विणते. तिच्या तोंडाकडे बघून काही कळत नाही, हातातल्या क्रोशाकडे बघावं लागतं. मन ठिकाणावर असलं की टाके सैल पडतात, डोकं फिरलं की आवळतात. आमच्या सोफ्यावर तिनं विणलेली एक शाल आहे. ती रविवारी रुंद होते आणि सोमवारी पुन्हा अरुंद. पाहुणे विचारतात, हे नवीन डिझाइन का? दादा सांगतो, "छे, हे तिचं ऑफिस आहे."

दादा म्हणजे माझा भाऊ, तिचा नवरा. आम्ही तिघं एका घरात राहतो, आणि वहिनी नि मी एकाच इस्पितळात नोकरी करतो. ती दुसऱ्या मजल्यावर रेकॉर्ड रूम सांभाळते, मी तळमजल्यावर चौकशीच्या खिडकीत फोनजवळ बसते. मी तिच्याहून लहान, तरी ती मला 'वन्सं' म्हणते आणि अहोजाहो करते. पहिल्या वर्षी मानानं करायची, आता चिडवायला करते. माझ्या जिभेला हाड नाही असं घरात सगळे म्हणतात. म्हणोत. दिवसाला दोनशे फोन घेणाऱ्या बाईला ते हाड परवडतही नाही. मी एकदा सांगते, ऐकलं तर ऐकलं.

रेकॉर्ड रूम म्हणजे छतापर्यंत लोखंडी मांडण्या आणि त्यात नंबरानं लावलेल्या हजारो जुन्या फायली, ज्या अजून कॉम्प्युटरवर चढलेल्या नाहीत. डॉक्टर फायली नेतात आणि परत करत नाहीत. एकानं तर फाइल दोन महिने खुर्चीच्या हलत्या पायाखाली घातली होती. वॉर्डातून फोन येतो, "ती हिरवी फाइल पाठवा." फायली सगळ्याच हिरव्या. वहिनी म्हणते, "बघते." एकोणीस वर्षं ती "बघते" म्हणतेय. तिच्या जागी मी असते तर एव्हाना कुणाच्या तरी डोक्यात फाइल घातली असती.

त्या "बघते"चं पुढे काय होतं ते मला ठाऊक आहे. क्रोशात उंच टाक्याला खांब म्हणतात आणि बुटक्या घट्ट टाक्याला मुका खांब. खांब डौलानं उभा राहतो, त्याची जाळी दिसते. मुका खांब नुसता जागा भरतो. वहिनीच्या कामात मुके खांब फार.

दुपारी वीस मिनिटांची सुट्टी होते. तेव्हा ती मागच्या मांडणीआड बसते, पुस्तक स्टेपलरखाली उघडं ठेवते आणि वाचता वाचता विणते. आठवड्याला दोन रहस्यकथा, वाचनालयातून आणलेल्या. तिसऱ्या प्रकरणापर्यंत संशयितांची नावं चिठ्ठीवर लिहायची आणि शेवटपर्यंत चिठ्ठी उघडायची नाही, हा तिचा नेम. दादाला यात काडी घातल्याशिवाय चैन पडत नाही. तो पहिल्याच पानावर पेन्सिलनं 'खुनी : डॉक्टरची बायको' असं काहीतरी लिहून ठेवतो. त्यातलं निम्मं खरं असतं, निम्मं थाप, त्यामुळे ती बिचारी धड विश्वासही ठेवू शकत नाही आणि विसरूही शकत नाही.

"एवढे खून वाचून तुला मिळतं काय?" मी एकदा विचारलं होतं.

"तिथे शेवटी कुणीतरी सापडतो, वन्सं. आमच्याकडे फाइल हरवते, पण ती कुणीच हरवलेली नसते."

या वर्षी तिच्या हाताखाली नवीन क्लार्क आली. चाळिशीची बाई, घाबरट. सारखी "हो हो" म्हणायची, म्हणून तिचं नाव पडलं होहो. शाळेपासून सगळं इंग्रजीत झालेलं. बोलायची मराठी छान, पण आकडा आला की अडखळायची आणि ते लपवायला आणखी जोरात "हो हो" म्हणायची. वहिनीचा तिच्यावर जीव जडला. सुट्टीत तिला क्रोशा शिकवायला लागली.

आणि मग चार हजार एकशे एकोणसत्तर नंबरची फाइल हरवली.

फाइल एका आजोबांची होती. शनिवारी त्यांचं ऑपरेशन ठरलेलं. बारा वर्षांपूर्वी आमच्याकडेच त्यांना एका ऑपरेशनच्या वेळी भूल सोसली नव्हती, जिवावरचं बोटावर निभावलं होतं. कोणतं औषध दिलं होतं ते फक्त त्या फाइलीत होतं. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, फाइल नाही तर ऑपरेशन नाही. मंगळवारपासून आजोबांची मुलगी रोज माझ्या खिडकीशी यायची आणि निळ्या छत्रीची मूठ दोन्ही हातांनी धरून विचारायची, "सापडली का हो?" मी नाही म्हटलं की बाकावर बसायची, दहा मिनिटांनी परत यायची. मला दुसऱ्यांना उत्तरं देणं सोपं जातं, पण तिला "नाही" म्हणताना मी उगाच फोनकडे बघायचे.

वरून सुपरिंटेंडंट मॅडमचा निरोप आला होता, फाइल कुणी हरवली त्याचं नाव शनिवारपर्यंत हवं. नाहीतर लेखी ताकीद वहिनीच्या नावावर, थेट सर्व्हिस बुकात. ज्या पुस्तकात एकोणीस वर्षांत शाईचा एक वाकडा ठिपका नव्हता, त्यात.

ते तीन दिवस घरात बसवेना. वहिनी खुर्चीत टेकायची, दोन ओळी विणायची, उसवायची, उठून खिडकी लावायची, पुन्हा येऊन तीच खिडकी उघडायची. पुस्तकाचं एकच पान चार वेळा वाचायची. दादानं खुनी लिहायचं बंद केलं, यावरून काय ते समजा. भाजी करपली तरी कुणी काही बोललं नाही. मी मात्र तिच्यामागे भुंगा लावला होता, "संशय कुणावर आहे? नाव घे. घाबरतेस कशाला?"

"बघते," ती म्हणाली.

गुरुवारी दुपारी मी डबा घेऊन वरच जेवायला गेले. होहो रडवेली होऊन बसली होती. तिनं टेबलावरच्या रुमालासाठी पट्टी विणायला घेतली होती आणि ती कडेला बसतच नव्हती, बोटभर जास्त येत होती.

वहिनीनं पट्टी मांडीवर घेतली आणि नखानं पायाचे टाके, म्हणजे साखळ्या, मोजल्या. मग परत मोजल्या.

"मी किती सांगितल्या होत्या?"

"एकोणसाठ. मी एकोणसाठच घातल्यात, मॅडम."

वहिनीनं संशयितांची चिठ्ठी पुस्तकातून काढली, उलटी केली आणि पेन्सिल पुढे केली. "लिहून दाखव."

होहोनं लिहिलं, सहा आणि नऊ. एकोणसत्तर.

वहिनी अशी उठली की लोकरीचा गुंडा घरंगळत दारापर्यंत गेला. साठ ऐकला की सहा आणि मागे नऊ! एकोणसाठचे एकोणसत्तर, मग एकोणसत्तरचे किती? ती मांडणीशी गेली आणि चार हजार एकशे एकोणऐंशीवर हात घातला. तिथे एकाच नंबराच्या दोन फायली होत्या. एकीचं कव्हर करकरीत नवीन. आत आजोबांचे कागद.

मी जेवण तसंच टाकलं. दोन जिने कसे उतरले मला ठाऊक नाही. निळी छत्री बाकावर पडली आणि ती मुलगी माझे हात धरून उभी राहिली. शनिवारी ऑपरेशन झालं, नीट झालं.

पण ताकिदीचं काय? शुक्रवारी मॅडमनी वहिनीला आणि होहोला बोलावलं आणि मी, कुणी न बोलावता, पाठोपाठ आत घुसले. मॅडमनी विचारलं, चुकीचा नंबर कव्हरवर कुणी टाकला? मला राहवलं नाही.

"अगं, सांगून टाक ना! हिनं टाकला. आकडे येत नाहीत तर नोकरी कशाला करावी माणसानं?"

होहोनं माझ्याकडे पाहिलं. तिचं तोंड उघडलं. वहिनीनं तिच्या मनगटावर हात ठेवला.

"आकडा तोंडी आला," वहिनी मॅडमना म्हणाली. "तो अंकांत सांगायचा, परत म्हणून घ्यायचा, असा नियम मी करायला हवा होता. खोली माझी, चूक माझ्या खोलीची." मॅडमनी ताकीद लिहिली. वहिनीनं सही केली.

मी दोन दिवस तिच्याशी धड बोलले नाही. बोलले ते टोमणेच. "संत झालीस हो अगदी. शेवटच्या पानावर येऊन खुनी सोडून दिलास." ती मान खाली घालून विणत होती. क्रोशा लोकरीतून जाताना करकरत होता, इतके टाके घट्ट.

रविवारी संध्याकाळी तिनं एक पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलं. "वाचा, वन्सं. तुमच्या जोगं आहे." आणि गॅलरीत जाऊन बसली.

पहिल्या पानावर पेन्सिलीचं अक्षर होतं. दादाचं तिरकं नव्हे, तिचं गोल.

'खुनी : जिनं फोन आपटला ती.'

मी ते तीनदा वाचलं. आणि मग आठवलं. महिन्यापूर्वीची गोष्ट. माझ्या खिडकीतून वर जाणाऱ्या ढिगात एका फाइलीचं कव्हर फाटून नंबर गेला होता. समोर रांग लागलेली. मी आतल्या कागदावरचा नंबर पाहिला, वर फोन लावला, "फाटकी फाइल येतेय, नवीन कव्हर घाला, चार हजार एकशे एकोणसत्तर." पलीकडून होहो म्हणाली, "मॅडम, म्हणजे सत्तर आणि नऊ ना?" ती विचारत होती. आयुष्यात पहिल्यांदा "हो हो" न म्हणता ती विचारत होती. आणि मी म्हणाले, "कान आहेत की भोकं? एकोणसत्तर!" फोन आपटला. दुपारपर्यंत विसरूनही गेले.

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. मी गॅलरीत गेले.

"तुला कधी कळलं?"

"गुरुवारीच. तुम्ही खाली पळालात तेव्हा तिनं सांगितलं."

"मग केबिनमध्ये का नाही बोललीस? मी तिच्यावर घसरले तेव्हा तरी!"

वहिनीनं विणलेलं काम माझ्यापुढे धरलं. वीतभर नुसते मुके खांब, कापड नव्हे, फळीच. "हे बघ," ती म्हणाली. लग्नानंतर पहिल्यांदा मला अगं-तुगं करत होती. "एवढी चिडले होते तुझ्यावर. तोंड उघडलं असतं तर थांबले नसते. चारचौघांत तुझी लाज काढली असती, आणि मग रोज तुझ्यासमोर बसून जेवायचं कसं?"

"मग पुस्तकात तरी कशाला लिहिलंस?"

"वा! सगळं गिळून बसायला मी काय दगड आहे?"

मी हसले आणि हसताना रडले. तिनं मला जवळबिवळ घेतलं नाही. माझ्या हसण्या-रडण्याकडे न बघता ती घट्ट टाके उसवत बसली, आणि ते बरंच झालं.

सोमवारी सकाळी मी सुपरिंटेंडंट मॅडमच्या दारात उभी राहिले. दोनशे फोन घेणारी बाई मी, आणि मला शब्द सापडेनात. कसंबसं एकदाचं सगळं सांगितलं, मग लिहून दिलं. मॅडमनी वहिनीच्या नावावरची ताकीद रद्द केली आणि माझ्या नावावर लिहिली. योग्य केलं.

खाली येऊन खिडकीत बसले. आजोबांची फाइल वॉर्डातून परत आली होती, वर पाठवायची होती. मी फोन उचलला. पलीकडे होहो.

"फाइल येतेय," मी म्हणाले. "नंबर लिहून घ्या. चार. एक. सहा. नऊ. आता मला परत म्हणून दाखवा."

तिनं म्हणून दाखवलं. रांगेतला एकजण खिडकीवर टकटक करत होता. मी त्याला हातानं थांबवलं.

"आणि ऐका. त्या दिवशी तुम्ही मला बरोबर विचारलं होतं. चूक माझी होती. पुढेही विचारत जा, दहादा विचारा."

मी फोन धरून बसले.

"हो," ती म्हणाली. एकदाच.