मंगळवारची कोथिंबीरवडी

समस्त खवय्यांना जड अंतःकरणाने कळवण्यात येते की, माझ्या मावसबहिणीच्या, सुमनच्या घरात भूक आता वेळापत्रकाप्रमाणे लागते. आठवड्याचा बेत फ्रिजवर चिकटवल्यापासून किराण्याचा खर्च आटोक्यात आहे, माणसंही. रविवारी मी तिच्याकडे जेवायला होतो. तिच्या म्हाताऱ्या सासऱ्यांचा, नानांचा हात तिसऱ्या वडीकडे निघाला, तशी सुमन गोड आवाजात म्हणाली, "नाना, ती मंगळवारची आहे हं!" हात हवेतच थबकला. मला, खरं सांगतो, भारी मजा वाटली. उतारवयात माणसापाशी उरते ती जीभ, आणि घरखर्चाच्या बेतात नेमकी तीच बसत नाही. वडी डब्यात गेली, झाकण लागलं. त्या झाकणाकडे बघत नाना एकदम बोलून गेले, "बरं सूनबाई, मंगळवारपर्यंत जगून बघतो."