मढवी सरांची ब तुकडी

नामदेव मढवी सर अपूर्णांक शिकवायला घेत, त्या दिवसांत पाचवीच्या वर्गाला सुक्या बोंबलांचा वास येई. खाडीकाठच्या गावातली ती पालिकेची शाळा. एका अंगाला पाम बीच रोडचे टॉवर, दुसऱ्या अंगाला तिवरं, आणि मधे आगऱ्या-कोळ्यांची घरं अंग चोरून उभी. सर शेजारच्याच गावचे. वडिलांचा जन्म मिठागरात गेला. जमीन सिडकोने घेतली, मिठागर बुजलं, त्यावर रस्ते आले, आणि त्या रस्त्यावरून नामदेव शाळेत गेले ते मास्तर होऊनच परतले.

शिकवायची त्यांची तऱ्हा कुठल्या पुस्तकातली नव्हती. पाटीभर बोंबील सतरंजीवर ओतायचे आणि म्हणायचे, "चला, वाटे लावा." बाजारात मासळीचे सारखे ढीग मांडून विकतात, त्या ढिगाला वाटा म्हणतात, हे त्या पोरांना सांगावं लागत नव्हतं. निम्म्यांच्या आया रोज तेच करत होत्या.

"एका पाटीचे तीन वाटे केले आन् तेवढ्याच दुसऱ्या पाटीचे पाच. कुठल्यातला एक वाटा घेशील?"

"तिनातला, सर! पाचातला बारीक होनार ना!"

झालं. पाच हा आकडा तिनापेक्षा मोठा, म्हणून एक पंचमांशही मोठा, ही गाठ भल्याभल्या शाळांतल्या मुलांच्या डोक्यात वर्षानुवर्षं बसून राहते. इथे ती पडतच नव्हती. चौथीपासूनच सरांच्या हाताखाली असलेल्या मोजक्या पोरांपैकी उन्नती तर बोटांनी नुसती चाळवाचाळव करी आणि ढीग असे सारखे पडत, की सर म्हणायचे, "ही पोरगी तराजूला रजा देईल." तिची आई काशी नेरूळला स्टेशनबाहेर मासळी विकायची.

हे असंच चाललं असतं तर बरं झालं असतं. पण एकदा बेलापूरला शिक्षकांचं प्रशिक्षण लागलं. गळ्यात ओळखपत्र घातलेल्या एका तरुण तज्ज्ञाने अपूर्णांक शिकवायला कागदी पिझ्झा काढला. गोल कापलेला, वर लाल-हिरवे ठिपके. सर हात वर करून उभे राहिले. "आमच्या पोरांनी पिझ्झा लांबूनच बघितलाय. आमी सुक्या बोंबलाचे वाटे लावतो."

मागून कुणी तरी म्हणालं, "सर, मग तासाला नाक दाबून बसायचं का?" सगळा हॉल हसला. तज्ज्ञही हसले. "छान, छान. स्थानिक गंमत आहे," म्हणाले आणि पुढच्या पिझ्झ्याकडे वळले.

गंमत. तो शब्द सरांच्या कानात बसमध्ये बसला, घरी आला, ताटाशी जेवायला बसला. वीस-बावीस वर्षं जे हाताने घडवलं ते गंमत, आणि कागदाचं वाटोळं ते शिक्षणशास्त्र. का, तर त्या पोराकडे पदव्युत्तर पदवी होती आणि आपल्याकडे बी.एड.च्या पुढे काही नव्हतं. सरांनी मनाशी घेतलं, आपणही पदवी घ्यायची. आपले वाटे कागदावर सिद्ध करायचे, म्हणजे उद्या कुठल्याही शाळेतला मास्तर ते हसण्यावारी नेणार नाही.

मग चौकशी सुरू झाली. एम.एड. करायचं तर दोन वर्षं रोज कॉलेजात बसायचं, त्यासाठी अभ्यास रजा काढायची, वर्ग दुसऱ्याच्या हाती द्यायचा. मुख्याध्यापक म्हणाले, "मढवी, ह्या वयात कशाला? शालेय व्यवस्थापनाची पदविका करा. घरबसल्या होते, उद्या माझ्या खुर्चीवर बसायला उपयोगी." सरांना खुर्ची नको होती. तिसरी वाट होती शिक्षणशास्त्रातल्या एम.ए.ची. दूरशिक्षणाने, रविवारी वाशीच्या केंद्रावर तास आणि शेवटी एक लघुशोधप्रबंध.

"एम.एड.चा मान मोठा," सर घरी म्हणाले.

बायको तांदूळ निवडत होती. "मान घेऊन कराल काय? दोन दिवस ताप आला तर शालेत फोन करून पोरांची खबर घेताय. दोन वरसं तुमाला घास तरी उतरंल का?"

ती बोलली ते खरं होतं. वर्ग सोडायला नको, एवढ्याच एका कारणासाठी नामदेव सरांनी दूरशिक्षण धरलं. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

मार्गदर्शक मिळाल्या त्या डॉक्टर क्षिप्रा मॅडम. सरांपेक्षा बारा-तेरा वर्षांनी लहान, पण बोलणं स्वच्छ आणि माणूस मोकळा. वाट्यांचं सगळं त्यांनी ऐकून घेतलं, हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मढवी सर, तुमचं खरं आहे असं मलाही वाटतं. पण खरं असणं वेगळं आणि सिद्ध होणं वेगळं. तुलना लागते. तुम्हाला पाचवीच्या दोन तुकड्या आहेत ना?"

"अ आणि ब. दोन्हींचं गणित माझ्याकडेच."

"मग अ तुकडीला वाट्यांनी शिकवा. ब तुकडीला फक्त पुस्तकाप्रमाणे. अ तुमचा प्रायोगिक गट, ब नियंत्रित गट. शेवटी दोघांना एकच चाचणी. आणि तोवर मुलांना ह्यातलं काही कळू द्यायचं नाही."

सरांना ब तुकडीचे चेहरे दिसले. मॅडमनी ते ओळखलं. "चाचणी झाली की ब तुकडीलाही तुमच्या पद्धतीने शिकवून टाका. ते तर करायलाच हवं."

"करतो ना. ती बी माझीच पोरं हायेत," सर म्हणाले, आणि त्या म्हणण्यावर त्यांचा स्वतःचाही विश्वास होता.

उन्नती ब तुकडीत होती.

पावसाळा सरत आला होता. अ तुकडीत सतरंजी पसरली जाई, वाटे लागत, भाव होत. "ए पार्थ, तुझ्या वाट्यात डोकी जास्त, शेपट्या कमी!" असा गलका उठे आणि मधल्या पातळ भिंतीतून सगळा पलीकडे झिरपे. मग तास संपवून सर ब तुकडीत येत, फळ्यावर रेघ मारत, वर अंश, खाली छेद. सांगण्यात कुचराई नव्हती. पुस्तकात होतं तेवढं ते नीट सांगत. पण सांगता सांगता पोरांचे डोळे विझत जाताना दिसत, आणि वीस-बावीस वर्षांची सवय असलेले हात पाटीकडे जायला बघत. सर ते हात मागे बांधून घेत.

"सर," एकदा उन्नती उठून म्हणाली, "तुमचे हाताला बोंबलाचा वास येतंय. आमचे वर्गात कवा?"

"बस खाली. पुस्तक उघड."

दुसऱ्या दिवशी तिने घरून कागदाच्या पुडीत थोडा जवळा आणला. तिला वाटलं, सरांकडची मासळी अ तुकडीतच संपत असेल. सरांनी पुडी उघडलीही नाही. "शाळेत हे आणायचं नाही," म्हणाले. मागच्या वर्षी ज्यांनी आणायला लावलं होतं तेच सर. पोरीने पुडी दप्तरात ठेवली, आणि दिवसभर दप्तराचा वास येतो म्हणून शेजारचीने बाक बदलला.

चाचणी झाली. सर घरी पेपर तपासायला बसले. अ तुकडीचे गुण भरघोस. ब तुकडीत तीच जुनी चूक, पाच मोठा म्हणून पंचमांश मोठा. एकेक चूक सापडत गेली तशी सरांना बरं वाटत गेलं. आपलं सिद्ध होतंय, ह्या आनंदात त्यांना हे उमगलंच नाही, की जन्मात पहिल्यांदा आपण पोरांच्या चुकांवर खूश होतो आहोत.

मग उन्नतीचा पेपर आला. दोन तृतीयांश आणि तीन पंचमांश, मोठा कुठला? पुस्तकाच्या रीतीने तिने काहीच केलं नव्हतं. पेपराच्या कडेला पंधरा बारीक रेघा मारल्या होत्या, त्यांचे आधी तीन वाटे केले होते, मग पाच. तिनातल्या दोन वाट्यांत दहा, पाचातल्या तीन वाट्यांत नऊ. दोन तृतीयांश मोठा. उत्तर बिनचूक.

आणि सरांच्या कपाळाला आठी पडली.

एरवी अशा पेपरावर त्यांनी शाबासकी लिहिली असती, वर्गात उचलून दाखवला असता. त्या दिवशी त्यांना दिसलं ते एवढंच, की ब तुकडीच्या पेपरात वाटे आले कसे. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला व्हरांड्यात बोलावलं.

"हे तुला कोणी सांगितलं?"

उन्नती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. ह्या आवाजातले सर तिला ओळखीचे नव्हते.

"तृतीयांश नि पंचमांश एकत्र. हे मी चौथीत शिकवलं नव्हतं. अ तुकडीतल्या कोणाकडे बघितलंस?"

"मी नाय... मधल्या सुटीत पार्थ पायरीवर करत होता..."

"त्यांच्यात जायचं नाही," सर म्हणाले. "आपल्या वर्गात बसायचं."

मॅडमना त्यांनी प्रामाणिकपणे सगळं सांगितलं. ते ऐकून मॅडम म्हणाल्या, "गटांची सरमिसळ झाली असेल तर तो पेपर बाजूला ठेवावा लागेल." सरांनी उन्नतीचा पेपर बाजूला ठेवला. शोधप्रबंधात ब तुकडीतलं एक मूल कमी झालं. बाकी फरक मात्र सार्थ निघाला. सार्थ म्हणजे तो योगायोगाने पडलेला नाही, असं संशोधनाच्या भाषेत म्हणतात.

राहिलं ब तुकडीला परत शिकवणं. ते सर विसरले नव्हते. पण विधानसभेच्या निवडणुकीची ड्युटी लागली, मग दिवाळी आली, मग दुसऱ्या सत्राचा भाग मागे पडला म्हणून साहेब तपासणीला आले. फेब्रुवारीत करू म्हणता म्हणता मार्च आला आणि शाळेला कुलूप लागलं. पुढची दीड-दोन वर्षं पोरं मोबाइलच्या काचेत. एका घरात एक मोबाइल, तो बापाच्या खिशात. कुलूप निघालं तेव्हा ब तुकडी सातवीला पोचली होती आणि तिचं गणित दुसऱ्या बाईंकडे गेलं होतं.

नामदेव सर एम.ए. झाले. गावाच्या नाक्यावर फोटोचा फलक लागला. वाट्यांची पद्धत प्रशिक्षणात घेतली गेली. आता सरांच्याही गळ्यात ओळखपत्र आलं. बोंबलाऐवजी रंगीत लाकडी मासे आले, त्यांना वास नव्हता. हॉलमध्ये कोणी हसत नव्हतं. जे हवं होतं ते सगळं मिळालं होतं, आणि सर त्या हॉलमधून घरी येत तेव्हा बायकोशी फार बोलत नसत.

गेल्या हिवाळ्यात तळोज्याकडच्या एका शाळेतली वैदेही नावाची तरुण शिक्षिका प्रशिक्षणानंतर थांबली. "सर, मलाही पुढे शिकायचंय. एम.एड. करू की तुमच्यासारखं एम.ए.?" सरांनी दोन्हींतलं बरं-वाईट नीट समजावलं, रजेचं, खर्चाचं, प्रबंधाचं. पोरगी हुशार. जाता जाता म्हणाली, "एक विचारू? त्या ब तुकडीला तुम्ही नंतर शिकवलंत ना?"

"हो," सर म्हणाले. "शिकवलं ना."

इतक्या वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. परीक्षकांनीही नाही. घरी जायला निघालेले सर नेरूळला उतरले आणि काशीच्या घराकडे वळले. उन्नती आता दहावीत होती.

काशी नुकतीच बाजारातून आली होती. "अगो, सर आलं! उन्नती, पानी आन." मग पदराने खुर्ची पुसत म्हणाली, "सर, हिला जरा बोला. बाकी समदा बरा हाय, गनिताचं तेवढं नाव काढत नाय. सोप्या गनितात बी रडते. लहानपनी कशी होती, तुमी बघितली ना?"

उन्नती पाणी घेऊन आली. उंच झाली होती. काशी चहा टाकायला आत गेली, तेव्हा सरांनी तिला सगळं सांगितलं. दोन तुकड्या का केल्या, एकीला का दिलं, दुसरीला का नाही. मोठ्या माणसाला सांगावं तसं सांगितलं. ती उभ्यानेच ऐकत होती.

"म्हणजे आमचे तुकडीला कमी पडायला पाहिजे होते?"

"हो."

"आन् माझं बरोबर आलं, म्हणून तुमी रागावलात?"

"हो," सर म्हणाले. "तू काही चूक केली नव्हतीस."

उन्नतीने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "मला वाटलं, पार्थकडून शिकले म्हणजे मी चोरी केली. त्यानंतर मी गणितातलं कोणाला काय विचारलं नाय, सर. समजलं नाय तरी नाय. क्लासला पण नाय विचारत."

"पार्थकडून शिकलीस ते चांगलं केलंस. मी आता येत जाईन. रोज संध्याकाळी. परीक्षेला अजून..."

"नको, सर. आता कुठं होतंय." तिच्या आवाजात राग नव्हता. बस गेली, हे सांगावं तसं तिने सांगितलं. "तेव्हा सांगायला पाहिजे होतंत."

इतक्यात काशी चहाचा कप घेऊन बाहेर आली. तिने आतून काही ऐकलं नव्हतं. दाराशी मास्तर आल्याचा आनंद तिच्या तोंडावर तसाच होता.

"अगो, उभी काय? परीक्षा आली जवल. सरांचे पाया पड. त्यांनीच तुला शिकवला."

उन्नती खाली वाकली. सरांना पाय मागे घ्यायचे होते, पण मागे भिंत होती. पोरीचा हात पायाला लागला आणि ती तशीच वाकून थांबली, रीत असते तशी, आशीर्वादासाठी. काशीही कप धरून वाट बघत राहिली.