सासुरवाडीतली प्रयोगशाळा

माणूस कधीच चुकत नाही, चुकते ती वस्तू, असं छातीठोकपणे मानणारा या पृथ्वीतलावर एकच माणूस आहे, आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीच्या वाट्याला आला. आमचे भावोजी संशोधक. माणसाचं यंत्राशी कसं पटतं आणि कुठे बिनसतं, याचा अभ्यास करण्यात त्यांनी उभी हयात घालवली. स्वतःचं बायकोशी कसं पटतं, हा विषय ताईवर सोडला. शिळफाट्याला आमच्या चुलतभावाच्या लग्नात हॉलचं काचेचं दार ढकलायचं की ओढायचं ते पाहुण्यांना कळेना. भावोजी मंगलाष्टकं संपेपर्यंत दाराशी उभे राहून कोण कसं अडखळतं ते बघत राहिले. अक्षता मुठीतच. नवरीच्या मामांनी दरवान समजून त्यांच्या हातात बॅगा दिल्या, त्याही त्यांनी आनंदाने धरल्या. मला म्हणाले, "मामांची काही चूक नाही. मी उभाच तसा होतो."

एखादी वस्तू वापरायला द्यायची आणि वापरताना मनात येईल ते मोठ्याने बोलायला लावायचं, ही त्यांची शास्त्रीय पद्धत. नव्या शेगडीवर आईला असाच बोलत बोलत चहा करायला लावला. आई पदर सावरून म्हणाली, "साखर घालते." मग बऱ्याच वेळाने, "उकळतोय." मनात काय होतं ते मला ठाऊक होतं: हे गृहस्थ ओट्यापासून कधी हलतील?

निवृत्तीच्या तोंडावर त्यांनी म्हाताऱ्या माणसांसाठी मोबाइलचं ॲप काढलं. गोळीची वेळ झाली की घंटा वाजते, गोळी घेतली की बटण दाबायचं, नाही दाबलं तर पुन्हा घंटा. चाचणीला सगळा मुलूख मोकळा असताना त्यांनी निवडलं लोधिवलीचं आमचं घर. जन्मभर लोकांचं खरं मत शोधणाऱ्या विद्वानाने ते सासुरवाडीत शोधावं! जावयाने आणलेला आंबा आंबट निघाला तरी आमच्याकडे बाठ्यासकट चाटून खातात. भावोजी विचारायचे आणि आई म्हणायची, "लय छान हाय, जावईबापू." मी मान डोलवायचो. भावोजी कृतार्थ.

प्रत्यक्षात आई बटण दाबायचीच नाही. पुन्हा घंटा वाजली की पुन्हा रक्तदाबाची गोळी घ्यायची. एके दुपारी ओटीवर चक्कर येऊन बसली तेव्हा मी विचारलं, मघाशी घेतली होतीस ना? "घेतली रं. पन जावयाचा फोन सांगतोय तर नाय कसं म्हनायचं?" वर मला शपथ घातली. मी गप्प राहिलो. गप्प राहणं मला जमतं. कंपनीत त्याच गुणावर बढती मिळाली. गोळ्या तेवढ्या मी माझ्या ताब्यात घेतल्या आणि चक्कर उन्हावर ढकलली.

मग एके दिवशी भावोजी पेढे घेऊन आले. ॲप आता तालुकाभर वाटायचं ठरलं होतं. घरोघरच्या म्हाताऱ्या आणि घरोघरच्या घंटा डोळ्यांपुढे आल्या आणि मी पेढा परत पुड्यात ठेवला. सगळ्यांदेखत मी सांगून टाकलं. ताईने असं पाहिलं की जणू मी तिचा संसारच मोडला.

या वेळी तरी भावोजींनी माणसाला दोष द्यावा, म्हणजे माझंही ओझं उतरेल, असं मला वाटत होतं. त्यांनी फोन करून वाटप थांबवलं आणि येऊन आईसमोर जमिनीवर बसले. "आई, आता खरं सांगा."

आईने ताईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "खरं सांगू? तान्हं पोर रडतं तसा तुझा फोन रडतो रं. गप कसा करायचा ते कळत नाय. मंग मीच गोळी खाते."

ताईने कपाळाला हात लावला. उभ्या आयुष्यात आईने जावयाला अरेतुरे केलं नव्हतं. भावोजींचे डोळे भरून आले. "अजून सांगा," ते म्हणाले, आणि आई संध्याकाळपर्यंत सांगत राहिली.

निवृत्तीपर्यंत ते ॲप काही पुरं झालं नाही. निरोपसमारंभात त्याचं नावही निघालं नाही. मी लवकर बोललो असतो तर दुरुस्तीला अवधी मिळाला असता, हे त्यांच्यासारख्या माणसाला कळत नसेल असं नाही. पण मला कधीपासून ठाऊक होतं, ते त्यांनी आजवर विचारलेलं नाही. मी त्यांच्याकडे गेलो की सरकून जागा करून देतात आणि म्हणतात, "बस."